क्लच दाबला, तरी रेस उतरेना

पहिला गिअर, थोडी रेस, क्लच दाबून दुसरा टाकायचा. पाय ऍक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे, तरी आरपीएमचा काटा होता तिथेच घुटमळतो. कधी तर उतरायचं सोडून शे-दोनशेने वर सरकतो. मग क्लच सोडला की गाडी हिसका देऊन पुढे झेपावते आणि शेजारी बसलेल्याला वाटतं, चालवणारा नवशिका असावा.

गॅरेजच्या भाषेत याला ‘रेस पकडून राहते’ म्हणतात, आणि त्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो: थ्रॉटल बॉडी साफ करा. तेवढ्याने भागलं नाही तर एखादा सेन्सर बदला, मग दुसरा. यातून कधी कधी गुण येतो, पण अंदाजानेच. कारण एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एकात गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, स्वतःच ठरवून रेस सावकाश उतरवत असतो. दुसऱ्यात ईसीयूला रेस उतरवायची असते, पण कुठून तरी नको असलेली हवा इंजिनात शिरत असते. पहिल्या बाबतीत बिघाड नाहीच, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात दोष आहे आणि तो बहुतेकदा स्वस्तातला असतो. सगळी मेहनत या दोहोंतला फरक ओळखण्यात आहे.

त्यासाठी रेस उतरते कशी, ते आधी नीट बघू. पेट्रोल गाडीचा ऍक्सिलरेटर पेट्रोल सोडत नाही, हवा सोडतो. पेडल दाबलं की थ्रॉटल बॉडीतली गोल चकती तिरपी होते आणि हवेला वाट मिळते. आत आलेली हवा मोजून ईसीयू तिच्या प्रमाणात पेट्रोल फवारतो; वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. पाय उचलला की चकती मिटते, हवा तुटते, इनटेक मॅनिफोल्डमधला दाब झपकन खाली जातो. पिस्टनला आता त्या जवळजवळ बंद वाटेतून हवा ओढताना जोर लावावा लागतो. त्यात घर्षण आलं, ऑइल पंप आला, अल्टरनेटर आला. ही सगळी मंडळी मिळून फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती खाऊन टाकतात. निरोगी छोट्या इंजिनाला ३००० वरून हजारापर्यंत यायला दीड-दोन सेकंद पुरतात.

यावरून तपासाचा मूळ प्रश्न आपोआप ठरतो. इंजिन हवं त्यापेक्षा जास्त वेळ वेगात फिरतंय, म्हणजे त्याला हवा मिळतेय. ती कुठून?

आता गिअरचा हिशेब. पाच गिअरच्या छोट्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ च्या आसपास, दुसऱ्याचं १.९ आणि तिसऱ्याचं १.३ च्या जवळपास असतं. पहिल्यात ३००० आरपीएमवर गिअर बदलला, तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन सुमारे १६३० वर हवं. म्हणजे जवळजवळ १४०० ची उतरण. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ३००० वरून २०५० वर यायचं, साडेनऊशेची उतरण. पुढच्या गिअरांत ती आणखी कमी. म्हणून ही तक्रार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सिग्नल सुटल्यावरच्या घाईत सगळ्यात जास्त टोचते, आणि चौथ्या-पाचव्यात तीच गाडी शहाण्यासारखी वागते. मालक म्हणतो, ‘हायवेला काही त्रास नाही.’ ही माहिती खरी असली तरी तिच्यावरून दोष आहे की नाही, ते कळत नाही.

मग ईसीयूला रेस धरून ठेवायची हौस का? याची कारणं मुख्यतः धुराच्या नियमांत आहेत. इनटेकच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात थोडं पेट्रोल वाटेच्या भिंतींना ओल धरून राहतं. चकती एकदम मिटली की आतला दाब कोसळतो आणि ही ओल वाफ होऊन सिलिंडरमध्ये ओढली जाते. हवा कमी, पेट्रोल जास्त. ते नीट जळत नाही आणि न जळलेलं हायड्रोकार्बन धुरात जातं. चकती सावकाश मिटवली की हे टळतं.

दुसरं कारण सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला, तर ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. बोरघाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पेट्रोल जवळजवळ लागतच नाही, ते यामुळे. पण इंधन बंद असताना इंजिनातून निव्वळ हवा जाते आणि कन्व्हर्टर ऑक्सिजनने भरून जातो. भरलेला कन्व्हर्टर पुढचे काही क्षण नायट्रोजनची ऑक्साइडं नीट फोडू शकत नाही. घाटात हे चालतं. शहरात दर गिअरला, अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी इंधन बंद-चालू केलं तर कन्व्हर्टरचा तोल सारखा बिघडत राहील. म्हणून ईसीयू तेवढ्या वेळापुरतं इंधन चालू ठेवतो, आणि इंधन चालू ठेवायचं तर हवाही द्यावी लागते.

तिसरं कारण सुखाचं आहे. पाय उचलताच ताकद एकदम तुटली तर गाडी पुढे-मागे झुलते, म्हणून ती हळू कमी केली जाते. कार्ब्युरेटरच्या काळातही थ्रॉटल शेवटच्या टप्प्यात सावकाश मिटावा म्हणून डॅशपॉट नावाचा पडद्याचा छोटा डबा काही गाड्यांत असायचा. तेच काम आता सॉफ्टवेअर करतं. धुराच्या नियमांपैकी बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ मध्ये आलं, बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये, आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराचाही विचार सुरू झाला. नियम कडक होत गेले, तसा ऍक्सिलरेटर आणि चकती यांच्यातला केबलचा थेट संबंध तुटून मध्ये ईसीयू बसला. पंधरा वर्षं जुनी गाडी विकून नवी घेतलेल्या माणसाला शोरूममधून बाहेर पडताच रेस अडकल्यासारखी वाटते, त्याचं मूळ इथे आहे.

तेव्हा पहिला प्रश्न गाडीला नाही, मालकाला विचारायचा. हे पहिल्या दिवसापासून आहे की अलीकडे सुरू झालं? पहिल्या दिवसापासून असेल आणि त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची दुसरी गाडीही तशीच वागत असेल, तर तो गाडीचा स्वभाव आहे. अशी दुसरी गाडी दहा मिनिटं चालवून पाहण्याइतकी चांगली आणि फुकट चाचणी नाही. अलीकडे सुरू झालं असेल, तर त्याच्या आधी काय काम झालं ते आठवायचं: सर्व्हिसिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, बॅटरी बदलणं, सीएनजी किट, एअर फिल्टर, नवे मॅट. माणसाच्या हाताने नुकत्याच हललेल्या गोष्टीवर पहिला संशय घ्यावा.

मॅटचं हसण्यावारी नेऊ नका. कंपनीच्या मॅटवर आणखी एक जाड रबरी मॅट, त्यावर पावसाळ्यात वर्तमानपत्र, असा थर साचला की पेडलचं खालचं टोक त्यात रुतून बसतं. हे तपासायला दहा सेकंद लागतात, आणि हा दोष जिवावर बेतणारा आहे. म्हणून सुरुवात इथूनच.

आता खरी चाचणी. गाडी मोकळ्या जागेत लावा. बंद गॅरेजमध्ये नको, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर बंद. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. रेडिएटरचा पंखा एकदा लागून थांबला की तापलं समजा. थंड इंजिन मुळातच वरच्या रेसवर चालतं आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की ईसीयू रेस थोडी वाढवतो, म्हणून या दोन्ही अवस्थांत केलेली चाचणी फसवते. आता रेस ३००० वर नेऊन तीन-चार सेकंद धरा आणि पाय एकदम उचला. मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घेतला तर उत्तम, कारण डोळ्यांना पुन्हा बघता येत नाही.

काटा कसा उतरतो, यात बरंच काही सांगितलेलं असतं. तो झरझर दीड हजारापर्यंत येऊन पुढे सावकाश, न थांबता ७५०-८५० वर टेकला, तर ईसीयूचं काम व्यवस्थित चाललं आहे. तो १४००-१६०० वर येऊन तिथेच ठाण मांडून बसला, तर जास्तीची हवा येते आहे. तो ११०० ते १८०० च्या दरम्यान झोपाळ्यासारखा वर-खाली व्हायला लागला, तर हवा चांगलीच येते आहे, आणि त्यामागचं कारण गमतीचं आहे. पेडल सोडलेलं आणि रेस मात्र वर, हे पाहून ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, म्हणून तो इंधन तोडतो. रेस कोसळते. ठरलेल्या मर्यादेखाली येताच तो इंधन परत देतो. हवा आधीच भरपूर असल्याने रेस पुन्हा उसळते, आणि हा खेळ चालू राहतो. चौथा प्रकार: काटा दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकतो आणि पेडलला हलकी टिचकी दिली की खाली येतो. इथे हवेची चोरवाट शोधू नका. चकती, केबल किंवा पेडल प्रत्यक्ष अडकतंय.

उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चालत्या गाडीतच त्रास, असंही होतं. तेव्हा रिकाम्या, सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाने जा. पाय उचलून क्लच पूर्ण दाबा, गिअर तसाच राहू द्या, आणि काटा पाहा. पुढच्या वेळी तेच करा, पण क्लच दाबून गिअर न्यूट्रलला काढा. क्लच दाबलेला असताना रेस उतरत नाही आणि न्यूट्रलला काढताच पडते, असं दिसलं तर चाकंच इंजिनाला फिरवत आहेत. क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी उभ्या गाडीत क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खर्रकन आवाज आला तर क्लचची केबल, हायड्रॉलिकमधली हवा किंवा खुद्द प्लेट तपासायची. याचा थ्रॉटल बॉडीशी काही संबंध नाही, पण थ्रॉटल बॉडी साफ करून घेतलेल्या अशा गाड्या कमी नसतील.

दोन्ही वेळा रेस सारखीच अडकली, तर गाडी धावत असताना ईसीयूच ती धरतोय. बहुतेक ईसीयू वेगाचा सिग्नल शून्य होईपर्यंत रेस आयडलिंगपेक्षा थोडी वर ठेवतात, म्हणजे सिग्नलला गाडी थांबता थांबता बंद पडत नाही. हजार-बाराशेवर रेस धरलेली आणि गाडी थांबताच खाली येणारी, हे त्यातलंच. पण गाडी उभी असूनही स्कॅनरवर वेग दिसत असेल, किंवा वेगाचा काटा उड्या मारत असेल, तर वेगाचा सेन्सर तपासावा. स्कॅनरवर दिसणारा त्याचा दोषाचा कोड पी-०५००.

क्लचच्या पेडलवर स्विच असतो आणि काही गाड्यांत दोन. खालचा, पेडल पूर्ण दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारा. वरचा, पाय पडताच ईसीयूला खबर देणारा. वरच्या स्विचची खबर पोचली नाही तर ईसीयूच्या लेखी गाडी अजून गिअरमध्येच आहे, आणि तो ताकद गिअरमधल्यासारखी हळूहळू उतरवत राहतो. स्विच जागेवरून सरकणं किंवा त्याचा प्लग निघणं, एवढंच बहुधा झालेलं असतं. कोड पडला तर पी-०७०४, पण पडेलच असं नाही. स्कॅनरवर क्लच स्विचची ओळ दिसत असेल तर पेडल दाबून ती बदलते का, ते पाहणं एका मिनिटाचं काम.

स्कॅनरबद्दल. ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल आणि मोबाइलमधलं ऍप या कामाला पुरतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ते सहसा चालतं. कोड नाहीत म्हणून दोष नाही, असं मात्र समजू नका. इथे कामाचे आहेत ते चालू आकडे. डोंगलचा वेग कमी असतो. एकदम पंधरा आकडे मागितले तर प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलतो आणि आपल्याला हवा असलेला क्षण त्यातून निसटतो. म्हणून एका वेळी तीनच मागा: आरपीएम, थ्रॉटलचा कोन आणि मॅनिफोल्डचा दाब.

थ्रॉटल पूर्ण मिटलेला असताना शून्य दिसेल अशी अपेक्षा नको. बऱ्याच गाड्यांत दहा ते सतरा टक्के दिसतात. तोच तिचा मिटलेला आकडा. तो आयडलिंगला लिहून घ्या आणि मग ३००० वरून पाय उचला. आकडा क्षणभर दोन-चार टक्के वर थांबून हळूहळू मूळ जागी आला, आणि त्याच्याबरोबर रेसही उतरली, तर ईसीयू स्वतः चकती किंचित उघडी ठेवतोय. आकडा ताबडतोब मूळ जागी आला आणि रेस मात्र वरच, तर हवा चकतीला वळसा घालून येते. आणि पुढच्या फेरीत पेडलचा आकडा मागवल्यावर, पाय उचलूनही तो आपल्या तळाच्या किमतीवर येत नसेल, तर ईसीयूला तुमचा पाय अजून पेडलवरच दिसतोय. दोष पेडल किंवा त्याच्या सेन्सरचा. अख्ख्या तपासाचा निम्मा निकाल या एका निरीक्षणात लागतो.

दाबाचा आकडा वाचण्याआधी तो सेन्सर खरं बोलतो का, ते बघा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली की त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत शंभरच्या आसपास किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. तापलेलं इंजिन आयडलिंगला, एसी बंद असताना, साधारण ३० ते ४० दाखवतं. पाय उचलल्यावर रेस वर असेपर्यंत तो आणखी खाली, विशीत जायला हवा. तो विशीत गेलाच नाही, चाळीसच्या वर रेंगाळला, तर मॅनिफोल्डमध्ये हवा येते आहे. चकती मिटलेली असताना येत असेल, तर फटीतून.

इथे एक खाचखळगा आहे, ज्यात अनुभवी मेकॅनिकही अडखळतात. फट असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती, वाढलेला दिसणारच, असं बरेच जण धरून चालतात. ते हवा वजनाने मोजणाऱ्या, म्हणजे मॅफ सेन्सरच्या गाड्यांना लागू आहे. मॅफ एअर फिल्टरनंतर लगेच बसतो. फटीतली हवा त्याच्या पुढे, त्याला चुकवून आत शिरते. मोजलीच गेली नाही म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोल मिळत नाही, मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या तक्रारीवरून ईसीयू पेट्रोल वाढवत नेतो. आयडलिंगला ट्रिम अधिक १५-२० टक्के, २५०० आरपीएमवर तो खाली. मग पी-०१७१ कोड.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र मॅफ नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. फटीतून आलेली हवाही दाब वाढवते, म्हणून तीही मोजली जाते. ईसीयू तिच्यासाठी इमानेइतबारे पेट्रोल देतो. मिश्रण बरोबर, ट्रिम बरोबर, कोड काही नाही, फक्त रेस जास्त. फार झालं तर पी-०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा वर. अशा गाडीत ‘ट्रिम नॉर्मल आहे, लीक नाही’ असा निकाल दिला गेला, तर तो मान्य करू नका.

फट शोधायला आधी नुसते डोळे आणि कान लावा. रबरी पाइप इंजिनाच्या धगीने कडक होतात आणि नेमके टोकाशी, क्लिपखाली चिरतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरींइतकेच पाइपही कुरतडतात. मग एकेक पाइप चिमटून पाहा: पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये नेणारा), ब्रेक बूस्टरचा, पर्ज व्हॉल्व्हचा. चिमटल्यावर रेस थोडी हलणं स्वाभाविक. पण ती एकदम जागेवर आली, तर फट त्या पाइपच्या पलीकडे आहे. कडक झालेला पाइप मात्र चिमटू नका, नाहीतर एक फट शोधताना दुसरी पडेल.

पर्ज व्हॉल्व्ह पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनाकडे नेतो. त्याचा वायरचा प्लग काढला की तो बंद राहायला हवा. प्लग काढूनही टाकीकडच्या तोंडाशी अंगठ्याला सतत ओढ लागत असेल, तर तो उघडा अडकला आहे. याची खूण पंपावरच मिळालेली असते: टाकी भरल्यावर गाडी चालू व्हायला कुरकुरते. ब्रेक बूस्टरचा पडदा फाटला असेल, तर ब्रेक दाबताना पायाशी फुसफुस ऐकू येते आणि रेस बदलते. हा दोष रेसपुरता नाही, ब्रेकचाही आहे, त्यामुळे तो सापडला तर गाडी तिथेच थांबवा.

मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटल बॉडीखालची रिंग, इंजेक्टरच्या रिंगा, या जागा हाताने चिमटता येत नाहीत. तिथे साध्या फवाऱ्याने थोडं पाणी मारलं की फट क्षणभर बुजते आणि रेस हलते. वायरींचे प्लग आणि कॉइल भिजणार नाहीत, एवढं बघायचं. काही ठिकाणी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. त्याने लीक सापडतोही, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही स्प्रे उडवायला मी तरी सांगणार नाही. चांगल्या गॅरेजमध्ये धुराचं मशीन असतं. मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने धूर सोडला की तो फटीतून बाहेर येतो आणि वादच मिटतो. पुढे पार्ट बदलायचा असेल, तर आधी ही चाचणी करून मागा.

सीएनजीच्या गाडीला एक सोय आहे, बटण. तीच चाचणी एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर करा. दोन्हीवर रेस अडकत असेल तर प्रश्न हवेचा आहे. किट बसवताना गॅसच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडलेली असतात. ते सांधे आधी बघायचे. फक्त गॅसवरच अडकत असेल, तर गॅसचे इंजेक्टर नीट मिटत नाहीत किंवा रिड्युसरचा दाब चुकला आहे, आणि ते काम किटवाल्याचं.

केबलच्या जुन्या इंजेक्शन गाड्यांत आयडलिंगची हवा वेगळ्या छोट्या वाटेने, आयएसी नावाच्या व्हॉल्व्हमधून जाते. त्यावर कार्बन बसला की तो उघडाच अडकतो. काढून साफ केला की बहुधा भागतं. कूलंटचा सेन्सर किंवा उघडा अडकलेला थर्मोस्टॅटही असाच चकवा देतो. अर्धा तास चालवूनही स्कॅनरवर तापमान साठ-पासष्टच दिसत असेल, तर ईसीयूच्या मते इंजिन अजून थंडच आहे आणि तो रेस वर ठेवणारच.

आता त्या लाडक्या सफाईबद्दल. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचतो हे खरं, आणि चकती त्यात चिकटत असेल तर साफ करावाच. पण कार्बन साचत जातो, तसा ईसीयू चकती थोडी जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो. कार्बन काढला की तेवढ्याच उघड्या चकतीतून आता जास्त हवा येते. त्यामुळे सफाईनंतर रेस अडकायला लागली, तर घाबरण्याचं कारण नाही. ईसीयूला नवी जागा शिकवायची राहिली आहे. काही गाड्या चालवता चालवता स्वतः शिकतात, काहींना स्कॅनरवरून शिकवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती चावी चालू असताना बोटाने ढकलू नये. थ्रॉटल बॉडीतला छोटा गिअर मोडू शकतो आणि बोटही सापडतं. आणि चकतीचा थांबा ठरवणारा बारीक स्क्रू फिरवून ‘स्लो सेट’ करू देऊ नका. तो कारखान्यात लावलेला असतो. तो फिरवल्यावर मूळ दोष जागेवरच राहतो आणि ईसीयूचा मिटलेल्या थ्रॉटलचा अंदाजही चुकतो. कार्ब्युरेटरवर शिकलेल्या हातांना हा मोह आवरत नाही.

डिझेलचं गणित निराळं. तिथे वेग हवेवर नाही, इंधनावर ठरतो, म्हणून वरचा बराचसा तपास लागू नाही. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. डिझेल गाडीची रेस उतरण्याऐवजी आपोआप चढत चालली आणि मागे निळसर-पांढरा धूर असेल, तर टर्बोच्या सीलमधून इंजिन ऑइल आत जाऊन जळत असू शकतं. तेव्हा चावी काढूनही इंजिन थांबत नाही. ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं.

सगळं तपासून दोष सापडला नाही, दुसरी गाडीही तशीच निघाली, तर चालवण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. पहिल्या गिअरमध्ये रेस ताणू नका. दोन हजारांच्या आसपास दुसरा टाकला तर उतरण हजाराच्या आतच राहते. क्लच दाबण्याच्या निमिषभर आधी पाय उचला, म्हणजे चकती मिटायची सुरुवात गाडी गिअरमध्ये असतानाच होते आणि चाकंही इंजिनाला थोडं खाली खेचतात. गिअर न्यूट्रलमधून नेताना किंचित थांबा. रेस बळेच खाली आणायला क्लच अर्धा धरून घासत बसू नका. त्याचे पैसे क्लच प्लेटमध्ये जातात. ईसीयू रिमॅप करून ही सवय घालवणारे आहेत. पण मग धुराचं गणित बदलतं आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. एवढ्यासाठी ते करावं असं मला वाटत नाही.

दोष सापडून दुरुस्ती झाली असेल, तर गाडी ताब्यात घेताना तीच ३००० ची चाचणी, इंजिन तितकंच तापलेलं, एसी बंद ठेवून पुन्हा करा आणि आधीच्या व्हिडिओशी ताडून पाहा. बॅटरी काढली असेल किंवा ईसीयूचं शिकलेलं पुसलं असेल, तर निकाल लगेच ठरवू नका. दोन-तीन दिवस शहरात आणि थोडी हायवेला चालवा, मगच काट्याकडे बघा.